सबवूफरची कॉइल जळली. खाऱ्या हवेत कुठली तार टिकेल?

कुडाळ_मालवण_गाडी:
नमस्कार मंडळी. कुडाळ स्टेशन ते मालवण-तारकर्ली पर्यटकांची गाडी चालवतो. मागे १२ इंची सबवूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) आहे, ड्युअल कॉइल, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या दोन गुंडाळ्या, दोन्ही ४ ओहमच्या, पॅरलल जोडून २ ओहमवर. मे महिन्यात आवाज फाटायला लागला आणि मग करपल्याचा वास आला. मल्टिमीटर लावला तर एक कॉइल ३.५ ओहम दाखवते, दुसरी ओपन, म्हणजे तार तुटलेली. कोन हाताने सरळ दाबला तरी खरखर घासतो.

दुरुस्तीवाला तीन पर्याय देतोय: कागदी फॉर्मरवर (तार गुंडाळायच्या नळीवर) तांब्याची तार, अ‍ॅल्युमिनियमच्या फॉर्मरवर तांब्याची तार, नाहीतर कॅप्टॉनच्या फॉर्मरवर तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम तार. तिसरी हलकी, म्हणून आवाज वाढेल असं म्हणतो. गाडी रात्री समुद्रापासून शंभर पावलांवर उभी असते. गणपतीला चाकरमानी यायच्या आत सेट लावायचाय. काय घालू?

बास_चिपळूण:
अ‍ॅल्युमिनियम फॉर्मर घ्या, डोळे झाकून. कॉइलची उष्णता तो पटकन ओढून घेतो. माझा चार वर्षं चालू आहे.

वाइंडिंगवाला_मालवण:
दादानू, तारेआधी पयलां गॅप बघा, म्हणजे चुंबकाच्या लोखंडातली कॉइल हलायची फट. मी इथे मोटार वाइंडिंग करतो, सोबत स्पीकरच्या कॉइलही बदलतो. किनाऱ्यावरचा स्पीकर उघडला की बहुतेक वेळा एकच दिसतं: गॅपच्या दोन्ही बाजूंना, मधल्या पोलला आणि वरच्या प्लेटला, गंज. तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि चुंबकामुळे तिथेच धरून राहतात. कॉइल त्यावर घासते, तारेवरचं एनॅमल (इन्सुलेशनचा थर) सोलतं, वेढे एकमेकांना चिकटतात. तशा गॅपमध्ये सोन्याची तार घातली तरी महिन्यात जाईल.

आता तार. त्याच लांबीत तितकेच ओहम हवे असतील तर अ‍ॅल्युमिनियमची तार साधारण सव्वापट जाड लागते. वजन निम्मं होतं हे खरं, पण जाड तार तुमच्या गॅपमध्ये मावणार कशी? मावली नाही की तो वेढे कमी करणार आणि ओहम चुकणार. हलकी कॉइल ट्वीटरला लागते. सबवूफरला खालचा सूर हवा, तिथे तांब्याचं वजन आड येत नाही. शिवाय अ‍ॅल्युमिनियमला मुलामा असतो तो मुख्यतः झाळण्याच्या सोयीसाठी. तार कापली की टोकाला दोन धातू उघडे पडतात, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत असा जोड आधी जातो.

कागद विसरा. आषाढात आपल्याकडे वहीची पानंसुद्धा मऊ पडतात, तो फॉर्मर गोल राहील ही आशा नको. चिपळूणवाल्यांचं उष्णतेचं बरोबर आहे. पण तोच फॉर्मर ती उष्णता स्पायडरच्या (कॉइल मधोमध धरणाऱ्या कापडी चकतीच्या) गोंदापर्यंत नेतो, आणि एनॅमल जळलं की वेढे थेट त्याच्यावरच शॉर्ट होतात. समुद्राशेजारी त्याला पांढरी भुकटीही धरते. म्हणून मी चौथा पर्याय सांगेन: तांब्याची तार, कॅप्टॉन किंवा ग्लास फायबरच्या फॉर्मरवर. कॅप्टॉन म्हणजे ती मधाच्या रंगाची पातळ फिल्म. एनॅमल किमान १८० डिग्रीचं मागा. जुनी कॉइल फेकू देऊ नका. आतला व्यास, वेढ्यांची उंची, थर, सगळं तिच्यावरूनच मोजायचं.

अजून एक, गाणी लावताना इंजिन बंद असतं का?

कुडाळ_मालवण_गाडी:
हो दादा. तारकर्लीला पर्यटक किनाऱ्यावर असले की दोन-दोन तास बंद गाडीत वाजतं.

वाइंडिंगवाला_मालवण:
मग कॉइल तिथेच जळली. बॅटरी १२ व्होल्टच्या खाली आली की अ‍ॅम्प्लिफायर लवकर क्लिप होतो, म्हणजे सिग्नलची टोकं कापतो. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते बटण) चढवलेला असेल तर त्याहून लवकर. क्लिप झालेल्या सिग्नलने कोन जास्त हलत नाही, म्हणजे हवा खेळत नाही, कॉइल मात्र तापत राहते. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २०० डिग्रीने तापली तर तुमचे ३.५ ओहम सहाच्या वर जातात आणि पॉवर जवळजवळ निम्मी होते. आवाज बसला म्हणून माणूस अजून व्हॉल्यूम चढवतो. गेन खाली आणा, आणि उभ्या गाडीत मोठ्याने वाजवायचं तर इंजिन चालू ठेवा.

बास_चिपळूण:
गोंदाचा मुद्दा पटला. माझा स्पायडर मागच्या वर्षी सुटला होता, तेव्हा गोंदच खराब निघाला असं समजलो.

कुडाळ_मालवण_गाडी:
आज समोर बसून उघडून घेतला. तुम्ही म्हणालात तसंच, पोलला तांबूस गंज. पुठ्ठ्याच्या पट्टीला दोन्हीकडून चिकटटेप लावून गॅपमधून फिरवतोय. दहा पट्ट्या झाल्या, अजून भुकटी येतेय. कॅप्टॉनवरची तांब्याची कॉइल तो कोल्हापूरहून मागवून देतोय, चार दिवस लागतील.

वाइंडिंगवाला_मालवण:
चार दिवस मिळाले ते बरं. पट्टी कोरी निघेपर्यंत फिरवत राहा, आणि रोज काम झालं की गॅपवर टेप मारून बंद करा. उघडा ठेवलात तर रात्रीच्या दमट हवेने सकाळी पुन्हा गंज धरलेला असेल.