लाळग्रंथीचा कर्करोग: अहवालातल्या प्रथिनांवरून पुढचे सांगता येते का?

प्रश्न
आईच्या कानाखालच्या लाळग्रंथीतली गाठ शस्त्रक्रियेने काढली. तपासणीत अॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा असे निदान झाले असून, अहवालाच्या शेवटी ‘सीडी११७ पॉझिटिव्ह, केआय-६७ सुमारे १५ टक्के’ असे लिहिले आहे. यावरून आजार पुढे कसा वागेल हे कळते का? ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वाचल्यापासून आम्ही सगळे धास्तावलो आहोत.

पहिले उत्तर
सीडी११७ची धास्ती मनातून काढून टाका. या प्रकारच्या बहुतेक गाठींत ते प्रथिन आढळते, त्यामुळे त्याचा उपयोग निदानाला दुजोरा देण्यापुरता आहे. त्याच प्रथिनाला रोखणारे इमॅटिनिब हे औषध या कर्करोगात वापरून पाहिले गेले, तेव्हा फारसा लाभ दिसला नाही. केआय-६७ मात्र विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींमध्येच असते, म्हणून ते जास्त असेल तर गाठ अधिक वेगाने वाढणारी असण्याची शक्यता असते. तरीही गाठीचा कोणता भाग मोजला यावर हा आकडा बदलतो, आणि अमुक टक्क्यांच्या वर धोका अशी सर्वमान्य रेषा नाही. मी आधी पाहीन ते हे: गाठीत घन स्वरूपाचा (पेशी मधल्या पोकळ्यांशिवाय दाट भरलेल्या) भाग किती आहे, कापलेल्या कडा रोगमुक्त आहेत का, आणि पेशी मज्जातंतूंच्या कडेने पसरल्या आहेत का.

दुसरे उत्तर
एक भर घालतो. लाळग्रंथीचा कर्करोग हा एकच आजार नव्हे. त्याचे वीसहून अधिक प्रकार आहेत, आणि प्रकार बदलला की त्याच प्रथिनाचा अर्थ बदलतो. सलायव्हरी डक्ट कार्सिनोमा या आक्रमक प्रकारात एचईआर-२ आणि अँड्रोजन रिसेप्टर ही प्रथिने तपासतात, ते मुख्यतः कोणते औषध लागू पडेल हे ठरवण्यासाठी. आजाराचे भवितव्य सुचवणारी खूण आणि औषधाचा परिणाम सुचवणारी खूण यांत गल्लत होऊ देऊ नये.

प्रश्नकर्ती
मनावरचे मोठे ओझे उतरले. अहवालात घन भागाचा उल्लेखच नाही.

पहिले उत्तर देणारे
मग पॅथॉलॉजिस्टना तसे स्पष्ट विचारा. गाठीचा ऊतक मेणात बसवून जपून ठेवलेला असतो, त्या ब्लॉकवरून ते पुन्हा पाहता येते. आकडे कितीही दिलासा देणारे असले तरी छातीची तपासणी अनेक वर्षे चुकवू नका, कारण हा आजार दहा वर्षांनंतरही फुप्फुसात डोके वर काढू शकतो.