प्रतिसाद: 'मोदक' कुठे वापरावा, कुठे नाही

वर कुणीतरी बालनाट्याचं अख्खं पत्रक 'मोदक' फाँटमध्येच लावायचं सुचवलंय. शीर्षकाला जरूर, पण मजकुराला नको. 'एक टाईप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेच्या या फाँटची सगळी गंमत अक्षरांच्या गुबगुबीतपणात आहे. आतली पोकळी घासून घासून केसाएवढ्या फटीवर आणलीय. १४ पॉइंटला त्या फटी शाईने बुजतात आणि 'ष' कुठला, 'प' कुठला ते कळत नाही. छापील कामात ४८ पॉइंटच्या खाली उतरू नका. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं हवी असतील तर आणखी मोठं घ्या, कारण शाई आत पसरते.

आउटलाइनचा मोह बहुतेकांना होतो. स्ट्रोक (कडेची रेघ) थेट अक्षरांना दिलात तर तो आतल्या फटीही खातो. त्यापेक्षा शब्दाची प्रत काढून खाली ठेवा आणि जाड स्ट्रोक फक्त त्या प्रतीला द्या. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच ठेवा. देवनागरीत ते वाढवलं की शिरोरेषा तुटते. (इंग्रजी पोस्टरांची ही सवय आपल्याकडे उगाच आलीय.) दोन ओळींचं शीर्षक असेल तर वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी भिडतात का, ते डोळ्यांनी तपासून ओळींमधलं अंतर ठरवा.

इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटली तर दोष फाँटचा नाही, वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारी सेटिंग) निवडा. तारीख, वेळ, पत्ता 'मुक्ता' फाँटमध्ये लावा. त्यात सात वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) मिळतात, 'मोदक'मध्ये एकच.