वरण-बट्टीच्या घराला कुकर कुठला घ्यावा: स्टील की अ‍ॅल्युमिनियम?

चोपडेकर
चार-पाच माणसांच्या घरात नवा कुकर घ्यायचा तर ५ लिटरचा, ट्रायप्लाय स्टीलचा (मध्ये अ‍ॅल्युमिनियम, दोन्ही बाजूंना स्टील असे तीन थर), बाहेरच्या झाकणाचाच (झाकण तोंडावर बाहेरून बसतं तो) घ्यावा. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. त्याने अ‍ॅल्युमिनियम आतून काळं पडतं. चिंच-टोमॅटोची भाजी त्यात रात्रभर राहिली तर बारीक खड्डे पडतात. जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही म्हणून कितीतरी घरांत चिमूटभर सोडा टाकतात, आणि सोड्याचं तापलेलं पाणी तर अ‍ॅल्युमिनियम खातंच. स्टीलला यातलं काही होत नाही. शिवाय बाहेरच्या झाकणामुळे तोंड पूर्ण रुंद असल्याने डबे सरळ उतरतात. बट्ट्या वाफवायला चाळणीही बसते (शिट्टी काढून २० मिनिटं).

रावेरची ताई
भाऊ, सोड्याचा दोष कुकरवर कशाला? जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशीभिंतीतल्या पेक्टिनला (पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या द्रव्याला) धरून ठेवतं, म्हणून दाणा कच्चा राहतो. डाळ अर्धा तास भिजवा, शिजवायला फिल्टरचं पाणी घ्या आणि आंबट शिजल्यावरच घाला. सोड्याची गरजच उरत नाही. काळं पडण्याचं म्हणाल तर डबे ठेवताना तळाच्या पाण्यात लिंबाची वापरलेली फोड टाकावी.

आता मुख्य मुद्दा. अ‍ॅल्युमिनियम साध्या स्टीलच्या दहापटीहून जास्त वेगाने उष्णता पसरवतं. काळ्या मसाल्यात मटण परतायचं, वाटण तेल सुटेपर्यंत भाजायचं, तर एकेरी स्टीलमध्ये ते ज्योतीच्या वर्तुळातच करपतं. बाजारात ‘स्टील’ म्हणून मिळणारे बरेच कुकर ट्रायप्लाय नसतात, फक्त तळाला चकती असते. मोठी ज्योत चकतीबाहेर चढली की कडेला मसाला चिकटलाच.

आणि आतलं झाकण. वाफ त्याला आतून दाबून धरते, त्यामुळे दाब उतरेपर्यंत ते उघडूच शकत नाही. घाईच्या स्वयंपाकात हे फार मोलाचं आहे. माझं मत ३.२५ मिमी जाडीच्या हार्ड अ‍ॅनोडाइज्ड (पृष्ठभागावर कडक ऑक्साइडचा थर चढवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या), आतल्या झाकणाच्या कुकरला.

चोपडेकर
करपण्याचं मान्य, म्हणून तर ट्रायप्लाय म्हटलं. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा थर तळापासून काठापर्यंत असतो. पण ताई, हार्ड अ‍ॅनोडाइज्डचा थरही सोड्याने आणि डिशवॉशरच्या पावडरीने जातो. इंडक्शनवर तर तळाला स्टील नसेल तर अ‍ॅल्युमिनियम तापतच नाही. आणि आतल्या झाकणाच्या कुकरचं तोंड पोटापेक्षा लहान. दुकानातच डबा उतरवून पाहिला नाही, तर घरी आल्यावर कळतं की सगळ्यात मोठा डबा आत जात नाही.

तापीकाठ
दोघंही धातूवर भांडताय, पण डाळ उतू जाते ती माप चुकल्यामुळे. कडधान्यं-डाळींसाठी कुकर निम्माच भरायचा, बाकी पदार्थांसाठी दोन तृतीयांश. अर्धा किलो तुरीची डाळ आणि पावणेदोन लिटर पाणी म्हणजे सव्वादोन लिटरच्या आसपास, ५ लिटरमध्ये ठीक. पाहुणे आले, पाऊण किलो डाळ लागली, की ७.५ लिटरचाच हवा. नाहीतर दोन वेळा लावा.

सालासकट उडदाची डाळ तर फेसच फेस करते. चमचाभर तेल घाला आणि निम्म्याच्याही खाली ठेवा. फेसाबरोबर साल चढून शिट्टीखालची नळी बुजते. मग दाब अडतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जातो. तो गेला तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा नवा बसवायचा. तिथे दुसरं काही ठोकून बसवणं म्हणजे जिवाशी खेळ. दरवेळी लावण्याआधी नळीतून उजेड दिसतो का ते पाहायचं, एवढी सवय हवीच.

शिट्ट्या मोजणंही सोडा. ज्योत मोठी की शिट्ट्या भराभर होतात, डाळ तेवढी शिजलेली नसते. पहिली शिट्टी झाली की ज्योत बारीक करा आणि मिनिटं मोजा: भिजवलेल्या तुरीच्या डाळीला ८-१०, मटणाला २०.

रावेरची ताई
मिनिटांचं अगदी बरोबर. तरी झाकणावर मी ठाम आहे. बाहेरच्या झाकणाची रिंग सैल झाली की कडेने वाफ गळते, आणि हँडल अर्धवट जुळलेलं असतानाही लोक गॅस पेटवतात.

चोपडेकर
रिंग दोन्ही झाकणांना असतेच, ताई, आणि दोन्हीकडची कडक झाली की बदलावीच लागते. झाकण लावून बंद न ठेवता उलटं ठेवलं तर ती दबून राहत नाही, जास्त टिकते.

तापीकाठ
आणखी एक. २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय घरगुती कुकर विकायला बंदी आहे. मानकाचा क्रमांक आयएस २३४७. आठवडे बाजारात कितीही स्वस्त मिळाला तरी बुडावर किंवा झाकणावर तो कोरलेला नसेल तर घेऊ नका, मग स्टील असो की अ‍ॅल्युमिनियम.