मदत हवी: ड्रायर नुसता घूं करतो, कपडे पिळत नाही

नमस्कार. गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका गावात राहते. आमचं मशीन सेमी-ऑटोमॅटिक, सात वर्षांचं. विहिरीचं पाणी टाकीत चढवतो, नळाला जोर नाही, म्हणून मुद्दाम सेमी घेतलं होतं. धुण्याची बाजू ठणठणीत आहे, भानगड ड्रायरची. टायमर फिरवला की घूं असा आवाज येतो आणि टब पाय ओढत चालल्यासारखा फिरतो. पाच मिनिटांनी चादर काढली तर धार नाही, पण ठिबक चालूच. काल जरा रबर जळल्यासारखा वास आला, तेव्हापासून हात लावलेला नाही.

दोनच टॉवेल घालून पाहिले, कपडे सगळीकडे सारखे पसरून त्यावर प्लास्टिकची चकती दाबून बसवली. फरक शून्य. रिकामा टब त्यातल्या त्यात बरा फिरतो.

मेकॅनिक आला, मागचं कव्हर न उघडताच म्हणाला, "मोटर गेली, चार हजार." सासूबाई म्हणतात, हाताने पिळ, आम्ही काय करायचो? पण ह्या पावसात बाल्कांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) दोरीवर कपडे तीन-तीन दिवस ओले राहतात, आणि चवथ (गणेश चतुर्थी) पंधरा दिवसांवर आली. पडदे, चादरी, पाहुण्यांची पांघरुणं, सगळं बाकी आहे. मोटर खरंच गेली असेल का, की आधी घरी काही बघता येईल?

प्रतिसाद १
ताई, पाण्याचा पाइप कुठे सोडलाय? सेमीमध्ये बहुधा पंप नसतो, पाणी उताराने जातं. आमच्या डिचोलीच्या घरी पाइपाचं तोंड माडाच्या आळ्यात होतं. पावसात आळं भरलं की पाणी मागे राहायचं आणि ड्रायरचा टब खालून त्या पाण्यातच फिरायचा.

प्रतिसाद २
संध्याकाळी लावता का? व्होल्टेज बघा. २३० च्या जागी १९० मिळालं तर मोटरचा जोर जवळपास एक तृतीयांश कमी होतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर आकडा दिसेल.

प्रतिसाद ३
वास आला म्हणताय, तर मला ब्रेकचा संशय. प्लग काढा (नुसतं बटण बंद करून भागणार नाही), मागचं कव्हर उघडा. ड्रायरच्या मोटरवर ब्रेकचा ड्रम असतो. वरचं झाकण लावलं की तार ओढली जाऊन ब्रेक सुटायला हवा. झाकण लावून ड्रम हाताने फिरवा. जड गेला तर ब्रेक घासतोय, मोटरीचा दोष नाही. हलका फिरत असेल आणि तरी घूं करत असेल, तर कपॅसिटर (मोटरला फिरायला सुरुवातीचा जोर देणारा भाग) गेला असेल. पण त्याच्या टोकांना बोट लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते. बदलायचा झाला तर जुन्यावरचे आकडे बघूनच आणा. पुष्कळदा एकाच डब्यात दोन्ही मोटरींचे दोन असतात.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. माडाचं आळं! आमचाही पाइप तिथेच, तोंड चिखलात पार गाडलेलं. काढून दगडावर ठेवला, तर घोटाभर काळं पाणी आलं. त्याने थोडा फरक पडला, पण घूं राहिलं. व्होल्टेज सकाळी २२५ होतं, म्हणजे तो प्रश्न नाही.

मग दिरांनी कव्हर काढलं. झाकण बंद असताना ड्रम इतका जड की दोन हातांनी फिरवावा लागला. ब्रेकची तार गंजून सैल पडली होती, झाकण पूर्ण लागलं तरी ब्रेक अर्धाच सुटत होता. तार एक खाच पुढे अडकवली आणि ड्रम मोकळा झाला. मशीन लावलं, दोन मिनिटांत पूर्वीची शिट्टी! कव्हराच्या आत उंदराच्या लेंड्यांचा ढीग होता, तो वेगळा विषय.

झाकण उघडल्यावर टब आता दहाएक सेकंदांत थांबतो, पूर्वी चट्कन थांबायचा. तार जास्त ओढली गेली का? आणि नवी तार म्हापशात सुटी मिळते का, की ब्रेकचा सबंध सेटच घ्यावा लागतो? तोवर मुलांना मशीनजवळ फिरकू देत नाही.

प्रतिसाद ३
दहा सेकंद जास्तच. तार किंचित सैल करा, पण ड्रम परत जड जाऊ देऊ नका. दोन्ही जमत नसेल तर ब्रेकचं रबर झिजलंय, मग सेटच घ्या. जुनी तार सोबत घेऊन जा, लांबी जुळवूनच देतात.