विषय: १८ जानेवारीचं रक्तदान – सुट्टीत भारतात जाऊन आलेल्यांनी आधी वाचा

प्रेषक: सेवा समिती
मंडळी, ४१ नावं आली, फार बरं वाटलं. पण काल रात्री यादी घेऊन बसले तर त्यातले २३ जण डिसेंबरात भारतात जाऊन आलेत. परतल्यावर ३ महिने इथे अमेरिकेत रक्त घेत नाहीत, मलेरियाचा नियम आहे. पुणं-मुंबईही त्यात येतं. गेल्या वेळी लोक बर्फातून आले, तासभर रांगेत थांबले आणि टेबलावरून परत गेले. ते पुन्हा नको. कोण कधी परतलं ते आजच कळवा. रक्त घ्यायला येणाऱ्या बसवाल्यांना उद्या आकडा द्यायचाय.

प्रेषक: खजिनदार
ताई, मग एप्रिलमध्येच करू या ना. मात्र हॉलचं डिपॉझिट परत मिळणार नाही. आणि तारीख हलवायची तर ते कार्यकारिणीत ठरतं, समितीत नाही, हे लक्षात असू द्या.

प्रेषक: एडिसनचे काका
अजिबात हलवू नका. रक्ताची ओढाताण जानेवारीतच असते. बर्फ, फ्लू, लोक घराबाहेर पडत नाहीत. १९७० पासून इथे जानेवारी हा रक्तदाता महिना पाळतात तो उगाच नाही. लाल पेशी ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ ते ७. एप्रिलचं रक्त जानेवारीतल्या पेशंटच्या काय कामाचं? हिच्या ऑपरेशनला चार बाटल्या लागल्या तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होतं. कोणी दिल्या, आजही माहीत नाही. मी गेली ३ वर्षं भारतात गेलेलो नाही. माझं नाव सगळ्यात वर घाला.

प्रेषक: नवीन सभासद
नमस्कार. पुण्याहून इथे येऊन मला दीड वर्ष झालं. मधे कुठे गेलो नाही. मला चालेल ना?

प्रेषक: सेवा समिती
नाही रे दादा. तिकडे राहून इथे आलेल्यांना ३ वर्षं थांबावं लागतं. तू नोंदणीच्या टेबलावर बस, तिथे माणूस हवाच आहे.

प्रेषक: स्वयंपाक गट
बायकांनी हिमोग्लोबिन बघून या गं. १२.५ लागतं. मागे माझं १२.१ भरलं आणि बोटाला कापूस धरून तशीच घरी आले, फार वाईट वाटलं. मग अळिवाचे लाडू खाल्ले आणि जेवणावरचा चहा सोडला, चहाने लोह अंगी लागत नाही. ऑक्टोबरात १३ भरलं. आणि पोह्यांसाठी केटररला परस्पर विचारलंय असं कळलं. पोहे आम्हीच करणार.

प्रेषक: खजिनदार
काकू, फक्त भाव विचारला हो. ऑर्डर दिलेली नाही.

प्रेषक: स्वयंपाक गट
भाव तरी कशाला? ४ किलो पोहे, २ किलो कांदे. सकाळी ८ला किल्ली मिळाली की झालं. गेल्या वेळी पावणेदहापर्यंत दाराशी उभ्या होतो.

प्रेषक: सेवा समिती
किल्ली मी स्वतः आणते. तारीख १८च. परतलेल्यांसाठी मेच्या पहिल्या आठवड्यात दुसरी बस मागतेय. तोवर त्यांचे ३ महिने भरतील, आणि १८ला दिलेल्यांचे दोन रक्तदानांमधले ५६ दिवसही होऊन जातील, म्हणजे काका, तुम्ही दोन्ही वेळा. आता नक्की नावं १७. अजून कोणी?

प्रेषक: एडिसनचे काका
माझा मुलगा आणि सून. १९ करा. काकू, थोडे पोहे दाण्यांशिवाय ठेवा, नातवाला चालत नाहीत.