जैसलमेरचा हवाई तळ आणि लोंगेवाला

१९७१ च्या भारत-पाक युद्धात राजस्थानच्या वाळवंटातील लोंगेवाला या भारतीय सीमाचौकीवर झालेल्या लढाईचे सारे श्रेय चौकीवरील पंजाब रेजिमेंटच्या तुकडीला दिले जाते. रणगाडे घेऊन चालून आलेल्या पाकिस्तानी फौजेपुढे त्या जवानांनी रात्रभर चौकी सोडली नाही हे निर्विवाद आहे, परंतु जैसलमेरच्या हवाई तळाचा वाटाही तितकाच मोलाचा आहे. तेथील भारतीय हवाई दलाच्या हंटर या लढाऊ विमानांना रात्री हल्ला करण्याची सोय नव्हती. त्यामुळे ५ डिसेंबर १९७१ रोजी उजाडताच ती झेपावली आणि उघड्या वाळवंटात कसलाही आडोसा नसलेले पाकिस्तानी रणगाडे त्यांनी एकेक करून टिपायला सुरुवात केली. विमानांचा मारा चुकवण्यासाठी गरगर फिरलेल्या रणगाड्यांच्या चाकोऱ्यांची वर्तुळे तेव्हाच्या हवाई छायाचित्रांत स्पष्ट दिसतात. पाकिस्तानी हवाई दल त्यांच्या मदतीला आले नाही, आणि माझ्या मते निकाल तिथेच ठरला.