२५ हजारांत पहिली बास गिटार : लहान हात, भजनी मंडळ, गोव्याची हवा

साखळीची_सुरावट
नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळात पेटी मी वाजवते. आता अभंगांना खालून आधार म्हणून बास गिटार आणायचं ठरतंय. पुरुष गायक बहुतेक काळी एक आणि काळी दोनमध्ये, बायका गायल्या की पांढरी पाच. एकूण २५ हजार, त्यातच बास, सरावाचा अ‍ॅम्प, केबल, पट्टा सगळं. पणजीच्या दुकानात एक बास हातात घेतली तर पहिल्या फ्रेटपासून (दांडीवरची धातूची आडवी कांब) चौथ्यापर्यंत बोटं पोचेचनात. शॉर्ट स्केल (आखूड तारांची) घ्यावी का? चार तारांची की पाच? इबानेझ, यामाहा, स्क्वायर, कॉर्ट यांत काय बघायचं? आणि पावसाळ्यात वाद्य धड राहील ना?

जाड_तार
ब्रँडचं नंतर बघू, ताई. आधी फूटपट्टी घ्या. डावा हात टेबलावर ठेवून बोटं दुखणार नाहीत इतकीच पसरा आणि तर्जनीच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजा.

नेहमीच्या लाँग स्केलवर, म्हणजे ३४ इंच (८६४ मिमी), पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर साधारण १३० मिमी पडतं. ३० इंची शॉर्ट स्केलवर ११४. इबानेझच्या मिक्रोवर (२८.६ इंच) १०९. पण वर सरकलं की फ्रेट जवळ जवळ येतात. लाँग स्केलवरच पाचव्या ते आठव्या फ्रेटमध्ये फक्त १०३ मिमी आहेत, शॉर्ट स्केलच्या पहिल्या चार फ्रेटांपेक्षा कमी.

आता तुमच्या पट्ट्या बघा. तारा जाडीकडून पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच अशा लावलेल्या असतात. काळी एकचा सा दुसऱ्या जाड तारेवर चौथ्या फ्रेटला येतो आणि खालचा पंचम सर्वांत जाड तारेवर त्याच चौथ्या फ्रेटला. काळी दोनला दोन्ही सहाव्या फ्रेटला. पांढरी पाचचा सा जाड तारेवर तिसऱ्याला, वरचा पंचम शेजारच्या तारेवर पाचव्याला. म्हणजे दुकानात जिथे बोटं अडली तिथे तुमचं फारसं कामच नाही.

शिवाय खालच्या फ्रेटांवर चार बोटं चार फ्रेटांवर ताणून बसवायचा हट्ट कशाला? तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी (अनामिका करंगळीच्या मदतीला) अशी तीन फ्रेटांत बसवा. पहिल्या ते तिसऱ्या फ्रेटला ८९ मिमी पुरतात. उभा डबल बास वाजवणारे हेच करत आले आहेत.

पाच तारांची नको. नेक (दांडी) रुंद होतो आणि सर्वांत खालची तार ३१ हर्ट्झच्या आसपास बोलते, तो मूळ स्वर मंडपातल्या स्पीकरमधून धड येणारच नाही.

फोंड्याचा_फ्रेट
वरचं गणित बरोबर, पण लांबीइतकीच नटजवळची (डोक्याकडे तारा ज्या खोबणींतून जातात ती पट्टी) नेकची रुंदी हाताला जाणवते. फेंडरच्या जॅझ बासच्या घाटात ती ३८ मिमी, प्रिसिजनच्या घाटात साधारण ४१-४२. लहान हाताला हे तीन-चार मिमी शॉर्ट स्केलइतकेच उपयोगी पडतात. त्यामुळे शॉर्ट स्केलवर उडी मारण्याआधी बारीक नेकची लाँग स्केल मांडीवर घेऊन पाहा. जाड तार शॉर्ट स्केलवर थोडी सैल आणि गुबगुबीत वाटते. ताल द्रुत लयीत गेला की स्वर एकमेकांत मिसळतात.

वजनही बघा. साडेतीन ते साडेचार किलो सर्वसाधारण. पट्टा लावून उभ्या राहा आणि डावा हात सोडा. नेक जमिनीकडे घसरला तर ती बास नको, कारण मग डावा हात वाजवण्याऐवजी नेक उचलत बसतो आणि तासाभरात मनगट भरून येतं. वरचं शिंग (अंगाचं पट्टा अडकवायचं टोक) बाराव्या फ्रेटपर्यंत आलेलं असेल तर सहसा तोल बसतो. पट्टा तीन इंच रुंद घ्या.

आवाजाचं म्हणाल तर पी-जे जोडी (तारांचा कंप टिपणारे दोन पिकअप, एक प्रिसिजनचा, एक जॅझचा) असलेली पॅसिव्ह (बॅटरी न लागणारी) बास डोळे झाकून. यामाहा टीआरबीएक्स १७४ त्याच पद्धतीची आहे. पी म्हणजे दोन तुकड्यांतला पिकअप, तो गुणगुणत नाही आणि गाण्याखाली भरून राहतो. इबानेझ जीएसआर २०० ला आतून ९ व्होल्टची बॅटरी लागते. वाईट काहीच नाही, फक्त वाजवून झाल्यावर केबल उपसायची, नाहीतर ती रात्रभर बॅटरी पीत बसते.

आणि भजनाला फ्लॅटवाऊंड (सपाट वेटोळ्याच्या, गुळगुळीत) तारा लावा. बोट सरकवताना कर्रकर्र होत नाही, मींडेसारखी ओढ जमते आणि आवाज उभ्या बासच्या जवळ जातो. महाग असतात, पण वर्षानुवर्षं टिकतात. ताण मात्र बहुतेक वेळा जास्त असतो, तेव्हा त्या लावल्यावर नेक पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

साखळीची_सुरावट
मोजलं. आरामात ११२ मिमी, ओढून १२४. एक गोष्ट अजून : शिवोलीत एक जुनी स्क्वायर ब्रॉन्को ९ हजारांना मिळतेय. ३० इंची आहे. फोटोत ब्रिजवर (खालच्या टोकाला तारा अडकतात तो भाग) गंज दिसतो. बघायला जाऊ का?

सोल्डरवाला
जा, पण सोबत एक ट्यूनर, एक केबल, छोटा टॉर्च आणि अ‍ॅलन कीचा संच घेऊन जा. समुद्राजवळच्या खोलीत राहिलेल्या वाद्याचं लाकूड सहसा शाबूत असतं, खाल्लेलं असतं ते लोखंड.

सॅडलच्या (ब्रिजवरची तार टेकणारी गुटकी) उंचीचे स्क्रू आधी तपासा. अगदी बारीक असतात आणि खाऱ्या हवेत सॅडलमध्येच धरून बसतात. अ‍ॅलन की आत बसते का आणि पाव वेढा फिरतो का, एवढंच बघायचं. न फिरल्यास जोर लावू नका, कारण षट्कोनी भोक एकदा गोल झालं की स्क्रू तिथेच कायमचा. अशा वेळी ब्रिज बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा. जुन्या ब्रॉन्कोच्या ब्रिजला चार तारांत मिळून दोनच सॅडल असतात. म्हणजे सुरेलपणा दोन-दोन तारांच्या तडजोडीवर. पेटीबरोबर वाजवणाऱ्याला हे खटकणार.

मग नेक. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालून बघा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट, म्हणजे साधारण ०.३ मिमी, हवी. फटच नसेल तर नेक अगदी सरळ आहे किंवा मागे वाकलाय, एक मिमी दिसली तर पुढे. दोन्ही ट्रस रॉडने (नेकच्या आतली लोखंडी सळई) सुटतं, पण रॉड फिरतोय हे विक्रेत्याला तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. पाव वेढ्यापेक्षा जास्त एका वेळी कधीच नाही. नेक पिळलेला असेल, म्हणजे डोक्याकडून पाहिल्यावर नट आणि ब्रिज एका पातळीत दिसत नसतील, तर रॉडचा उपयोग नाही. निघून या.

त्यानंतर प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजवा. कंटाळवाणं आहे, पण यालाच पर्याय नाही. पहिल्या चार-पाच फ्रेटांवर खरखर असेल तर नेक जास्त सरळ आहे. बाराव्याच्या वर असेल तर तारा खूप खाली आहेत. एकाच जागी असेल तर पुढचा फ्रेट वर आलाय, तो ठोकून किंवा घासून बसतो. बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा स्वर पटकन विझतो. तो नेकचा स्वभाव असतो, कारागिराकडे नेऊ नका.

शेवटी केबल लावून नॉब फिरवा. चरचर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने भागतं, जॅक हलवल्यावर आवाज तुटला तर सोल्डरिंगचं पाच मिनिटांचं काम. ब्रॉन्कोचा पिकअप सिंगल कॉईल (एकाच गुंडाळीचा), थोडी गुणगुण राहणारच. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर आतली अर्थिंगची वायर शाबूत आहे. उलट वाढत असेल तर तिथली वायरिंग नीट नाही किंवा घराच्या प्लगलाच अर्थ नाही.

जाड_तार
दोन सॅडलवाली असेल तर मीही सोडेन. ११२ मिमी म्हणजे लाँग स्केलवर चौथ्या फ्रेटपासून पुढे तुम्ही ऐसपैस वाजवाल, खाली तीन बोटांनी. बारीक नेकची नवी लाँग स्केल घ्या.

शॉर्ट स्केल घेतलीच तर तारा ३० इंची सेटच्याच. लाँग स्केलचा सेट लावला तर जाड वेटोळं थेट खुंटीवर गुंडाळलं जातं, तार धड बसत नाही आणि आवाज बोथट होतो. इथल्या दुकानात ४५-१०५ चा (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) लाँग सेट सहज मिळतो, शॉर्टचा बहुधा मागवावा लागतो.

फोंड्याचा_फ्रेट
पैशांची वाटणी : बासला १६-१७ हजारांच्या वर जाऊ नका. तारा आणि सेटअपचे (नेक, तारांची उंची आणि सूर जुळवून घेणं) पैसे आधीच बाजूला ठेवा. खोक्यातून आलेली बास सेटअपशिवाय वाजवणं म्हणजे सूर न मिळवलेली पेटी वाजवण्यासारखं. दुकानदाराला किंवा कारागिराला नेमकं सांगा : सतराव्या फ्रेटला तारेची उंची जाड बाजूला २.४, बारीक बाजूला २ मिमी, आणि सूर बाराव्या फ्रेटला तपासून द्या. बाराव्यावर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) चढा आला तर सॅडल मागे, उतरता आला तर पुढे. उरलेले पैसे अ‍ॅम्पला.

सरावाला १५-२० वॅटचा बास अ‍ॅम्प पुरे, किंवा सध्या नुसता हेडफोन अ‍ॅम्प. आठ इंची स्पीकरमधून ४१ हर्ट्झ (सर्वांत जाड मोकळ्या तारेचा स्वर) धड येत नाहीत हे खरं, पण कान वरच्या स्वरांवरून खालचा स्वर जुळवून घेतो.

साखळीची_सुरावट
मंदिरात कार्यक्रमाला काय करायचं? आमच्याकडे मिक्सर आणि दोन कॉलम (उभे स्पीकर) एवढंच आहे. बास सरळ मिक्सरमध्ये घातली तर चालेल?

सोल्डरवाला
पॅसिव्ह बास थेट लाईनच्या भोकात घातली की आवाज मेल्यासारखा येतो. पिकअपला खूप जास्त इम्पीडन्सचं (विद्युत रोधाचं) इनपुट लागतं, मिक्सरचं लाईन इनपुट त्यामानाने फार कमी. मिक्सरवर 'हाय-झेड' किंवा 'इन्स्ट्रुमेंट' बटण असेल तर तिथे. नसेल तर अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (बासचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) घ्या. तो बॅटरीवर किंवा मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटमवर (माईकच्या केबलमधून येणारी वीज) चालतो. मंडपात गुणगुण आली तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या केबलमधली अर्थची जोडणी तोडणारं बटण) दाबायचा. अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पिन काढायचा 'उपाय' कुणी सुचवला तर करू नका, तारांना हात आणि माईकला ओठ लागला की झटका बसतो.

कॉलमची ताकद बेताची, म्हणून बासचा आवाज वाढवून खालचे स्वर येतील ही आशा सोडा. मिक्सरवर लो नॉब वर न नेता थोडा मिड (मधल्या स्वरांचा) नॉब वाढवा, म्हणजे तबल्याच्या डग्ग्याला जागा राहते. टोन नॉब अर्ध्यावर आणा. बास आणि डग्गा दोघं एकाच खालच्या स्वरांत गुरगुरले तर ठेक्याचा चिखल होतो.

पावसाळ्याचं राहिलं. जून ते सप्टेंबर बास भिंतीवर टांगून ठेवू नका, विशेषतः बाहेरच्या भिंतीवर. केसमध्ये सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवा आणि गुलाबी झालेल्या पुड्या तापवून परत निळ्या करा. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारांच्या खालची बाजूही पुसा, गंज तिथूनच धरतो. नेक पावसात हमखास हलतो, कुठल्या बाजूला ते प्रत्येक वाद्याचं वेगळं. म्हणून जूनच्या मध्यावर आणि दिवाळीनंतर, दोनदा ती कार्डाची फट बघून घ्या. ब्रिजच्या स्क्रूंना वर्षातून एकदा सुईच्या टोकाने शिलाई मशीनचं तेल, फक्त थेंबभर, लाकडावर ओघळू न देता.